बरणीतली वाईन आणि कॅम्पातली आंटी

डिसेंबरात दोन दिवस सुट्टी काढून कोल्हापूरहून बेळगाव गाठलं, कारण फक्त कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, आणि एक जुना मित्र. तो राहतो कॅम्पात, शेजारी गोव्याची एक आंटी. तिचे वडील बारदेशातले, १९६१ च्या आधी म्हणजे तिकडं पोर्तुगीज असतानाच इकडं शिकायला आले आणि इथलेच झाले. अशी घरं बेळगावात बरीच, इथला चर्चचा धर्मप्रांतसुद्धा १९५३ ला गोव्यापासूनच वेगळा झालाय.

आंटीच्या स्वयंपाकघरात लोणच्याची असते तसली चिनी मातीची बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं. आत काळी द्राक्षं चुरडून, साखर, यीस्ट आणि मूठभर गहू. रोज लाकडी डावानं ढवळायचं, एकवीस दिवसांनी गाळायचं. स्टीलचा चमचा घातलास तर बघ म्हणाली! द्राक्षं बेंगलोर ब्लू, म्हणजे जाड सालीची, बियांची, आंबट, त्यामुळं साखर मजबूत लागते. पोर्तुगीजांची पोर्ट या गोड वाईनची सवय, द्राक्ष बेंगळुरूकडचं आणि ख्रिसमसला ग्लास घेऊन दारात उभे आम्ही सगळे मराठे.

मित्राची आई माळकरी, वाईन म्हटलं की कानावर हात, पण थंडीत आंटीनं पाठवलेली वाटी 'औषध' म्हणून गुपचूप घेते.

दुसऱ्या दिवशी जांबोटीकडनं कणकुंबीला गेलो. टपरीवर एक काका भेटले, गोव्यात काजूच्या बागेत कामाला जायचे. मी फेणीचं नाव काढलं तर हसले, 'फेणी कशाला वो, उर्राक प्यावा की, मार्च-एप्रिलात या.' उर्राक म्हणजे बोंडाच्या रसाची पहिली धार, तीच पुन्हा गाळली की फेणी. उर्राकात लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. हे सगळं तिकडंच शिकलो म्हणाले, त्याआधी आमच्यात निस्ती गावठी. (घाट उतरून गोव्यातून बाटली आणायचा विचार मनात आला होता, पण नाक्यावर डिकी उघडायला लावतात म्हणून गप्प बसलो.)

संध्याकाळी मित्राचा भाचा आला, पुण्यात आयटीत आहे, नाशिकची ड्राय रेड, म्हणजे अजिबात गोड नसलेली लाल वाईन घेऊन. कशी धरायची, कशी हुंगायची, सगळं लेक्चर झालं. आंटीनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, उठून साखरेचा डबा आणला आणि सरळ दोन चमचे घालून ढवळली. भाचा बघतच राहिला.

'आता पी,' म्हणाली त्याला.