माझा धंदाच खोगीरभरतीचा

मराठीत कुठल्याही फालतू भरण्याला खोगीरभरती म्हणतात ना, ते ऐकलं की मला जरा लागतं, कारण माझं पोटच त्याच्यावर आहे. खोगिराच्या खालच्या गाद्यांमधली लोकर काढायची, पिंजायची, परत भरायची, कुठे मूठभर जास्त, कुठे चिमूटभर कमी. वडील नाशिकला भद्रकालीत टांग्यांचे साज शिवायचे. टांगे गेले, मग वरातीच्या घोड्यांचे झगमग साज आले, ते मी अजूनही करतो, लग्नसराईत घर त्याच्यावरच चालतं. पण गेली काही वर्षं रायडिंगवाल्यांची खोगिरं बसवून द्यायचं काम वाढलंय. द्राक्षाचे दोन सीझन बरे गेले की पूर्वी दारात मोठी गाडी यायची, आता गाडीशेजारी मारवाडी घोडी पण उभी असते.

तर असेच एक अण्णा, गिरणाऱ्याच्या पुढे बाग, मुलगी अकरावीत आणि तिला एन्ड्युरन्सचं वेड, म्हणजे ४०-६० किलोमीटरच्या शर्यती. घोडी काळीभोर, नाव काजळ. अण्णांनी तिच्यासाठी बाहेरून खोगीर मागवलं, सव्वातीन लाख. आकडा ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला होता. कार्बन फायबरचं ट्री (ट्री म्हणजे खोगिराच्या आतला सांगाडा, आपल्याकडे अजून लाकूड आणि लोखंडी पट्ट्यांचाच चालतो), पुढची पट्टी स्क्रू काढून बदलता येते म्हणजे घोडं अरुंद असो की रुंद तेच खोगीर बसवता येतं, आणि गाद्यांमध्ये लोकर नाही तर हवा. म्हणजे माझी भरतीच गेली. कानपूरची खोगिरं शिवत-उसवत मोठा झालेला माणूस मी, हातात घेतलं तर वजनच लागेना.

आणि खोटं कशाला बोलू, खोगीर खरंच चांगलं होतं. घोड्याचं खांद्याचं पातं बाकीच्या सांगाड्याला हाडाने जोडलेलंच नसतं, नुसत्या स्नायूंवर लटकलेलं असतं, पाय पुढे टाकला की त्याचं वरचं टोक मागे सरकतं. जुन्या खोगिरांचं टोक नेमकं तिथेच रुततं, मग घोडं पाऊल आखडतं आणि आपण म्हणतो आळशी आहे. ह्या खोगिरात तिथे जागा मोकळी सोडलेली होती. मारवाडी घोड्याची पाठ अरुंद आणि विदर्स उंच (मान संपते तिथला उंचवटा), युरोपातली खोगिरं बहुतेक रुंद पाठीच्या घोड्यांच्या मापाची, म्हणून मी शिशाच्या पट्टीने काजळच्या पाठीचं माप काढलं, कागदावर उतरवलं, अरुंद पट्टी घातली. मागे शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपत होतं, मधल्या खाचेतून उजेड आरपार दिसत होता. बसलं होतं झकास.

तरी सरकायचं. दहा मिनिटं दुडकी चालवली की डावीकडे, दर वेळी डावीकडेच.

ऑक्टोबरमध्ये अण्णांनी पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी काय केलं ते सांगतो, कारण लपवण्यासारखं आहे म्हणूनच सांगतो. खालच्या पॅडमध्ये डाव्या बाजूला एक फोमचा तुकडा सरकवला. बाजू उचलली गेली, खोगीर सरळ. १८०० रुपये घेतले. आठवडाभर बरं चाललं. मग काजळ तंग (पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा) आवळताना मान वळवून चावायला लागली, कान मागे, शेपटीचे फटके. आणि खोगीर परत डावीकडे, फोमसकट.

मधल्या काळात त्या पोरीचं काय झालं ते मला नंतर कळलं. तिच्या कोचने ठरवून टाकलं की ही वाकडी बसते. उजव्या रिकिबीत वजन टाक, डावा खांदा वर घे, आरशासमोर स्टुलावर बसून प्रॅक्टिस कर. दोन महिने ती पोर रोज स्टुलावर बसत होती.

डिसेंबरमध्ये अण्णांचा फोन, भाऊ, पुण्याच्या एक डॉक्टर मॅडम येतायत, त्यांच्याकडे प्रेशर मॅट आहे, तुम्ही पण या, एकदा काय ते खोगिराचं सोक्षमोक्ष लागू दे. मला वाटलं आता आपलं पितळ उघडं पडणार. सकाळी सातला निघालो, थंडी अशी की हँडलवरची बोटं गिरणाऱ्यापर्यंत आपली राहिली नाहीत. डिकीत आरी, रापी, मेणाचा दोरा आणि बांधून घेतलेलं माझं जुनं कानपुरी खोगीर. ते का घेतलं कुणास ठाऊक, बहुतेक आधाराला.

मॅट म्हणजे एक पातळ काळी चादर, आत २५६ सेन्सर, खोगिराखाली घालायची, टॅबलेटवर पाठीचा नकाशा येतो, कमी दाब निळा, जास्त दाब लाल. संशोधनात साधारण असं धरतात की सरासरी दाब ११ किलोपास्कलच्या आणि एखाद्या ठिकाणचा ३० च्या वर गेला तर पाठ दुखण्याचा धोका. मला किलोपास्कल काय कळणार, पण रंग कळले. घोडी उभी असताना दोन्हीकडे सारखा निळा-हिरवा. चालताना पण तसंच. मॅडम म्हणाल्या, "फिटिंग छान केलंय हो दादा." मी जरा ताठ झालो.

मग दुडकी. पाचव्या-सहाव्या मिनिटाला उजव्या गादीची कड मणक्याकडे चढायला लागली आणि टॅबलेटवर मधोमध एक लाल रेघ उमटली, अगदी कुंकवाचं बोट ओढल्यासारखी. खोगीर डावीकडे गेलं म्हणजे उजवी गादी मणक्यावर येणारच. डावीकडे वळत वर्तुळात पळवली की जास्त, उजवीकडे वळत कमी. मी मनात हिशोब चालू केला, कुठे फोम काढायचा, कुठे हवा वाढवायची, तंगाचा पुढचा पट्टा एक भोक मागे... आणि मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे दुसरं खोगीर आहे ना? ते घाला."

माझं कानपुरी घातलं. लाकडी ट्री, लोकरीची गादी, माझ्या हाताने भरलेली, ह्या जन्मात त्या सव्वातीन लाखाशी काही नातं नाही. ते पण डावीकडे!

मग पोरीला उतरवलं, तिच्याऐवजी अण्णांचा पुतण्या, तिच्यापेक्षा चांगला वीस किलोने जड, बसायची पद्धत वेगळी. डावीकडे. कोच त्या दिवशी आलेले नव्हते, आले असते तर बरं झालं असतं असं मला राहून राहून वाटतं.

तिथेच चहा आला. मी बंगल्याच्या पायरीवर बसलो आणि माझी नजर दरवाजाच्या चौकटीवर गेली. काळ्या घोड्याची नाल, आपल्याकडे तिला केवढी मागणी, अख्खी गल्ली मागते, अण्णांनी काजळच्या उतरवलेल्या मागच्या दोन नाला चौकटीला शेजारी-शेजारी ठोकलेल्या. एकीचं पुढचं टोक नीट होतं. दुसरीचं इतकं झिजलेलं की पातळ झालेलं, कात्री लावल्यासारखी कड. दोन्ही एकाच दिवशी ठोकलेल्या, एकाच दिवशी काढलेल्या. मी घोडी सांभाळणाऱ्या चाचांना हाक मारली, चाचा ही कुठल्या पायाची? त्यांनी लांबूनच बघितलं. "पिछला बायां. त्या पायाची लवकर जाते, नालबंद दर वेळी बोलतो."

मॅडमना दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, कप ठेवला आणि म्हणाल्या घोडी डांबरी रस्त्यावर घ्या, खोगीर नको, फक्त हातात धरून सरळ पळवा. मी आयुष्यभर घोड्याकडे बाजूने बघितलंय, खोगीर बाजूनेच दिसतं ना. त्या मागे जाऊन उकिडव्या बसल्या, मला पण बसवलं. "कमरेची दोन हाडं बघा, सारखी वर-खाली होतायत का." पहिल्या फेरीत काही दिसलं नाही. दुसऱ्या फेरीत वाटलं दिसलं. मग त्यांनी डावा मागचा पाय एक मिनिट दुमडून वर धरला, सोडला आणि लगेच पळवली, तेव्हा मात्र आंधळ्यालाही दिसलं असतं, पहिली सात-आठ पावलं उघड लंगडत होती.

तेव्हा मॅडमनी सांगितलं, इंग्लंडमध्ये सू डायसन म्हणून घोड्यांच्या लंगडण्याच्या मोठ्या डॉक्टर आहेत, त्यांचा आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांचा २०१३ चा अभ्यास आहे. मागच्या पायाने लंगडणारे ७१ घोडे बघितले, त्यातल्या ३८ जणांचं खोगीर एका बाजूला सरकत होतं, आणि इंजेक्शनने पाय बधिर करून लंगडणं घालवल्यावर ३८ पैकी ३७ चं सरकणं थांबलं. बहुतेकांचं खोगीर दुखऱ्या पायाच्याच बाजूला जात होतं. लंगडणं इतकं बारीक की कित्येकदा मालकाला पत्ता नसतो, पण पाठ मात्र दर पावलाला एका बाजूला जास्त हेलकावते आणि खोगीर त्या हेलकाव्याबरोबर इंच-इंच निघून जातं. ह्याच डायसनबाईंनी नंतर २४ खुणांची यादी केलीय, कान मागे, शेपटी आपटणं, तोंड उघडणं वगैरे, घोड्यावर बसलेलं असताना ८ किंवा जास्त दिसल्या तर कुठेतरी दुखत असण्याची दाट शक्यता. मॅडमनी सकाळच्या दुडकीत ९ मोजल्या होत्या. आम्ही त्याला दोन महिने नखरे म्हणत होतो.

पाय बधिर करायचा तर खालून वर जायचं असतं. पहिलं इंजेक्शन खुराच्या वरच्या सांध्याजवळ, थांबलो, पोरीला परत बसवलं, खोगीर डावीकडे. अण्णा अस्वस्थ, एकदा घड्याळ बघ, एकदा माझ्याकडे बघ. दुसरं इंजेक्शन हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या) खाली, नळीच्या हाडामागे. काजळने लाथ उगारली, चाचांनी कानात काहीतरी पुटपुटून तिला धरलं. परत वीस मिनिटं.

मग पोरगी चढली. तेच सव्वातीन लाखाचं खोगीर, फोम बिम काही नाही, मीच काढून खिशात घातलेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, डावं वर्तुळ, उजवं वर्तुळ. मी टॅबलेटकडे बघतच नव्हतो, मागे उभा राहून खोगिराची मधली शिवण आणि शेपटीचं मूळ एका रेषेत आहे का तेवढं बघत होतो. होती. बारा मिनिटं झाली तरी होती. आणि चाल कशी बदलली! मागचे पाय आत येऊन पडायला लागले, मान आपली आपण खाली गेली.

पोरगी थांबली आणि वरूनच विचारलं, "म्हणजे मी वाकडी बसत नव्हते?"

कोणी उत्तर दिलं नाही. अण्णांनी नुसता तिच्या बुटावर हात ठेवला.

सोनोग्राफीत कळलं, डाव्या मागच्या पायाच्या सस्पेन्सरी लिगामेंटला वरच्या टोकाला इजा, नळीच्या हाडामागून जाणारा तो जाड पट्टा. खेळणाऱ्या घोड्यांमध्ये हे बऱ्यापैकी आढळतं म्हणे. आधी विश्रांती, मग हातात धरून चालवणं, मिनिटं मोजून वाढवत न्यायचं, महिनोन्महिने. अण्णांनी विचारलं खोगिराचं काय. मी म्हटलं, अण्णा, खोगिराने काही केलेलं नाही, उलट तेच एकटं खरं बोलत होतं आणि मी त्याच्या तोंडात फोम कोंबला. मी १८०० परत काढून दिले, त्यांनी घेतले नाहीत, मी पायरीवर ठेवून आलो. चाचांनी नंतर ते काजळच्या गुळात घातले असं कळलं.

मला विचाराल तर मॅट, कार्बन, हवेच्या गाद्या ह्याच्या मी विरोधात अजिबात नाही. तो नकाशा नसता तर आम्ही त्या दिवशी एकत्र जमलोच नसतो. पण सव्वातीन लाखाचं खोगीर घेणाऱ्यांमधले किती जण घोडं मागून पळताना बघतात? सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात बघा, देवमण (शुभ मानलेली केसांची खूण) कुठे, भोवरा कुठे, दात किती, कानाची टोकं जुळतात का, सगळं तासभर बघतील, पाठीवरून हात फिरवणारा दहात एखादा. आणि फिरवला तरी हाताखाली लागणारे पांढरे केस म्हणजे ‘शुभ ठिपका’ असं सांगणारा विक्रेता मी स्वतः ऐकलाय, बाबा रे, ते जुन्या खोगिराच्या दाबाचं व्रण आहे, तिथला रंगच मेलाय.

काजळ आता चाळीस मिनिटं हातात धरून चालते. खोगीर अण्णांच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी स्टँडवर आहे. तिचे पाठीचे स्नायू बसलेत, त्यामुळे परत स्वारी सुरू होईल तेव्हा माप नव्याने काढावं लागेल, पट्टीही कदाचित बदलावी लागेल, ते काम मी फुकट करणार आहे असं पोरीला सांगून ठेवलंय.

परवा दिंडोरी रोडवरून एकाचा फोन आला. भाऊ, नवीन खोगीर घेतलंय पण उजवीकडे सरकतं, तुमच्याकडे जाड न सरकणारं पॅड आहे का? मी म्हटलं पॅडचं नंतर बघू, आधी घोडं मागून पळतानाचा व्हिडिओ पाठवा, खोगीर न घालता. संध्याकाळी तीन व्हिडिओ आले. तिन्हीत खोगीर, जमिनीवर ठेवलेलं, चारी बाजूंनी.