‘ड्राय’ खान्देशात शिकवायची तर

नील शस्टरमन आणि त्यांचा मुलगा जॅरड यांनी मिळून लिहिलेली ‘ड्राय’ (2018) ही कादंबरी आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या मुलांपुढे ठेवली की सुरुवातीच्या पानांतच प्रश्न येतो: यांच्या घरी टाकी नव्हती का? दक्षिण कॅलिफोर्नियातले नळ अचानक कोरडे पडतात आणि बहुतेक घरांत साठवलेलं पाणीच नसतं. जिथे नळ दोन-तीन दिवसांआड येतो आणि तो आला की सगळं सोडून आधी पिंप भरायचे असतात, तिथल्या मुलांना हे हास्यास्पद वाटणारच. हे हसू शिक्षकाने दाबू नये. चोवीस तास नळ असलेली वस्ती किती हतबल असते, हा कादंबरीचा पहिला मुद्दा त्यांना न शिकवता कळलेला असतो.

तरी पुस्तक उघडण्याआधी एक पूर्ण तास नदीला द्यावा. कादंबरीत पाणी आटतं ते पाऊस न पडल्यामुळे, पण नळ बंद पडतो तो माणसांमुळे. ॲरिझोना आणि नेवाडा ही राज्यं कराराला पाठ फिरवून कोलोरॅडो नदीवरचे दरवाजे बंद करतात. या नदीच्या पाणीवाटपाचा करार सात राज्यांनी 1922 मध्ये केला. वरच्या खोऱ्याला वर्षाला 75 लाख एकर-फूट आणि खालच्या खोऱ्याला 75 लाख एकर-फूट, असा हिशेब ठरला. गोची अशी की ज्या वर्षांच्या प्रवाहावर हा आकडा बसवला, ती वर्षं नेहमीपेक्षा ओली होती. नदीत नाही ते पाणी कागदावर वाटलं गेलं. एक एकर-फूट म्हणजे साधारण 12 लाख 33 हजार लिटर, हे फळ्यावर लिहून ठेवावं. पुढे लागतं.

इथेच एक खोच सांगून टाकावी. प्रत्यक्षातला कायदा कादंबरीच्या उलटा आहे. 1968 च्या कायद्याने ॲरिझोनाच्या मोठ्या कालव्याचा हक्क कॅलिफोर्नियाच्या मागे ठेवला आहे, आणि ऑगस्ट 2021 मध्ये नदीवर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली तेव्हा कात्री लागली ती ॲरिझोना, नेवाडा आणि मेक्सिकोला, कॅलिफोर्नियाला नाही. मग लेखकांनी चूक केली का? मला नाही वाटत. मागच्या रांगेतला माणूस कागद किती दिवस मानेल, हाच प्रश्न त्यांनी दरवाजे बंद करून विचारला आहे. मुलांनी यावर वाद घालावा.

त्याच तासाला फळ्यावर गिरणा काढावी. वर कळवणकडे चणकापूर, मग मालेगाव, नांदगाव तालुक्यात गिरणा धरण, खाली चाळीसगाव, भडगाव, पाचोरा आणि शेवटी तापी. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे साडेअठरा टीएमसी, म्हणजे साडेअठरा अब्ज घनफूट. आवर्तन कधी सुटणार, पिण्यासाठी किती राखायचं, शेतीला किती, ही भांडणं मुलांनी घरात ऐकलेली असतात. भूगोलाच्या पुस्तकातली नदी आणि आवर्तनाची नदी या दोन वेगळ्या आहेत हे एकदा डोक्यात बसलं की कादंबरीची पहिली पन्नास पानं सरसर जातात.

आता वाचन. प्रत्येकाकडे एक वही, आणि तिच्यात दर प्रकरणाला चारच नोंदी: कुणाकडे किती पाणी आहे, ते कुणाला माहीत आहे, ते कसं मिळालं, आणि त्यासाठी काय सोडावं लागलं. दुसरी नोंद मुलं हमखास विसरतात आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. कादंबरीची नायिका ॲलिसा, आणि केल्टन हा तिचा शेजारी. केल्टनच्या घरच्यांनी संकटाची तयारी आधीपासून करून ठेवलेली आहे. त्यांचा घात पाणी कमी पडून होत नाही, पाणी आहे हे शेजाऱ्यांना कळतं म्हणून होतो. ही नोंद नसेल तर शेजारी त्या घरावर चालून जातात तो प्रसंग नुसता मारामारीचा वाटतो.

गॅलनचे लिटर तिथल्या तिथे करायचे, 3.785 ने गुणून. फॅरनहाइटचंही तिथेच सेल्सिअस करावं. नाहीतर मुलं आकडा वाचून पुढे सरकतात. दुकानातलं पाणी संपल्यावर ॲलिसा बर्फ घ्यायचं ठरवते, तिथे थांबून हिशेब करायला लावावा: किलोभर बर्फ वितळून लिटरभर पाणी. मग आपला 200 लिटरचा ड्रम घ्यावा. घरात पाच माणसं. आपत्तीच्या काळात माणशी रोज 15 लिटर हे किमान मानलं जातं. त्याने ड्रम तीन दिवसही पुरत नाही. साडेसात लिटरवर आलं तर पाच दिवस. फक्त पिण्यापुरतं तीन लिटर धरलं तर तेरा दिवस, पण त्यात भांडी नाहीत, धुणं नाही आणि संडासही नाही. हा शेवटचा शब्द आला की वर्ग आधी खिदळतो, मग गप्प होतो. पाण्यावाचून माणूस तीन दिवस काढतो, हा कादंबरीतला ठोकताळाही तपासून घ्यावा. तो सावलीत बसलेल्या माणसाचा आहे. भुसावळच्या मे महिन्यातल्या 45 अंशांत चालणाऱ्याला तो लागू नाही.

कादंबरी अनेक तोंडांनी बोलते. ॲलिसा, केल्टन, जॅकी आणि हेन्री हे मुख्य निवेदक, सगळे ‘मी’ म्हणून बोलणारे. वर्गाचे चार गट करून एकेक निवेदक वाटून द्यावा आणि तोच प्रसंग गटाने आपल्या बोलीत सांगावा. अहिराणी, लेवा, तावडी, जी घरात असेल ती. प्रमाण मराठीत चारही निवेदक एकसारखे सभ्य होतात. बोलीत जॅकीचा उद्धटपणा आणि हेन्रीची गोडबोली सौदेबाजी लगेच वेगळी ऐकू येते. हेन्रीवर विश्वास कधी उडाला, ते पान प्रत्येकाने लिहून ठेवावं. पानं जुळत नाहीत, आणि त्यातून चांगली चर्चा होते.

खरा वेळ द्यायचा तो शेजाऱ्यांच्या भागाला. त्या गल्लीतल्या लोकांना पाणी वाटून घेणं का जमलं नाही? ‘माणूस स्वार्थी असतो’ हे उत्तर स्वीकारू नये. त्यासमोर धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची पद्धत, ठेवावी. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाटाची साफसफाई सगळ्यांनी मिळून करायची, पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे हे आधीच ठरवायचं. हे लोक कॅलिफोर्नियातल्या लोकांपेक्षा भले होते असं नाही. भांडणं इथेही होती. पण टंचाई येण्याआधी नियम होता आणि दरवाजा कुणाच्या हातात हे गावाला माहीत होतं. ॲलिसाच्या गल्लीत यातलं काहीच नाही, आणि नियम करायला त्यांना उरतात जेमतेम काही दिवस. फडाचं चित्र फार गोंडस करू नये मात्र. बंधाऱ्याखाली ज्याची जमीन नाही, त्याला त्या वाटपात पाणीही नव्हतं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं उदाहरण इथे जोडता येतं. तिथे चैताराम पवारांसोबत गावाने आधी जंगल राखलं, पाणी त्यामागून आलं. पण ते काम वर्षानुवर्षांचं आहे आणि कादंबरी काही दिवसांत संपते. दोन्हींची सरळ तुलना करू पाहणाऱ्या मुलाला तिथेच अडवावं.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा निबंधात. ‘पाणी हेच जीवन’ छापाचं लिखाण येतं आणि कादंबरी हरवते. असा विषयच देऊ नये. पुस्तकात बंदुका आहेत, मृत्यू आहेत, मुलींना वाटणारी भीती आहे. आठवी-नववीला ते देण्याची घाई नको. इंग्रजीचा प्रश्नही आहे. मराठी माध्यमाच्या मुलांकडून सगळं पुस्तक इंग्रजीतून वाचून घेण्याचा हट्ट धरला तर निम्म्यावर वाचन थांबतं. तिथे काही प्रकरणं शिक्षकाने मराठीत सांगावी आणि निवडक पानंच मूळातून वाचून घ्यावी.

लेखनासाठी कादंबरीतले मधले छोटे तुकडे वापरावेत. मुख्य पात्रं बाजूला ठेवून कुणा अनोळखी माणसाचा एखादा क्षण त्यांत तृतीयपुरुषी टिपलेला असतो. तसाच एक तुकडा मुलांनी लिहायचा: 250 शब्द, एकच जागा, एकच तास. टँकरचा ड्रायव्हर, अधिग्रहण झालेल्या विहिरीचा मालक, कालव्याच्या दरवाजावरचा कर्मचारी, रावेरकडे केळी वाचवायला बोअर आणखी खोल नेणारा शेतकरी. अट एवढीच की तुकड्यात पाण्याचा एक तरी आकडा हवा, आणि शेजारच्या बाकावरच्याने तो हिशेब करून तपासलेला हवा.