पेव उघडल्यावर लगेच उतरू नये

गेल्या आठवड्यात सांगलीहून बाबांचा फोन आला, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "सध्या नवीन काय बनवतोयस?" गेले आठ महिने मी काहीच बनवलेले नाही, संगणक प्रोग्राममधला जुना कोड काढून टाकतो आहे, असे मी सांगितले. क्षणभर थांबून ते म्हणाले, "आणि त्याचा पगार देतात?"

प्रश्न रास्त होता. अ‍ॅमस्टरडॅमच्या आमच्या ऑफिसात अनेक टीम एकाच सामायिक कोडवर काम करतात, आणि त्यातले तारखा वाचणारे एक जुने फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, काढण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. फंक्शन अवघे २६ ओळींचे. ते पुसायला मिनिटही लागत नाही. परंतु शोध घेतल्यावर ११ टीमच्या कोडमध्ये ३९ ठिकाणी त्याचा वापर सापडला. मग त्याला पर्यायी फंक्शन द्यायचे, जुन्यावर 'कालबाह्य' असा शिक्का मारून वापरणाऱ्याला इशारा दिसेल अशी सोय करायची, नव्याने कोणी ते वापरू नये म्हणून तपासणी बसवायची आणि प्रत्येक टीमला मुदत कळवायची. माझे बहुतेक दिवस कोड लिहिण्यात नव्हे, तर पत्रव्यवहारात गेले. वडिलोपार्जित वाड्याची एक भिंत पाडण्यासाठी सगळ्या भाऊबंदांच्या सह्या गोळा करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

मोठ्या प्रकल्पांनाही हे सोपे गेलेले नाही. पायथन ही संगणकाची भाषा याच शहरातल्या एका संशोधन संस्थेत जन्मली. तिची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली, दुसरीची देखभाल २०१५ मध्ये थांबणार होती, पण लोकांचा कोड हलेना म्हणून ती मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. पुढे तिच्यासोबतच येणाऱ्या मानक संग्रहातील १९ जुने मॉड्यूल (तयार कोडचे संच) काढताना आधी २०२२ च्या आवृत्तीत इशारा दिला गेला आणि २०२४ मध्ये ते प्रत्यक्ष हटवले गेले. दोन वर्षांचा हा अवधी मला पूर्वी आळस वाटत असे.

माझी चूक मौनाला संमती मानण्यात झाली. दोन टीमकडून उत्तर आले नाही. इथली माणसे नको असेल तर तोंडावर 'नको' म्हणतात, त्यामुळे हरकत नसावी असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात ती मंडळी तीन आठवड्यांच्या उन्हाळी सुट्टीवर होती. फंक्शनच्या वापराच्या नोंदींमध्येही तीन महिने त्यांच्याकडून एकही वापर दिसला नव्हता. मी फंक्शन काढले. त्यातल्या एका टीमचा हिशेब वर्षातून एकदाच, आर्थिक वर्षअखेरीस चालतो, हे तो बंद पडल्यावर समजले. त्या रात्री २६ ओळी जशाच्या तशा परत ठेवल्या.

तेव्हा आजोबा आठवले. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवत, आणि महिनोन्‌महिने बंद असलेले पेव उघडताना ते आम्हा पोरांना काठावरून मागे सारत. "आरं, उघडलं की लगेच उतरायचं नसतं," असे म्हणत ते तोंड बराच वेळ उघडे ठेवत आणि मग दोरीला कंदील बांधून आत सोडत. कंदील विझला, म्हणजे आत श्वास घेण्याजोगी हवा नाही, तर आत माणूस जात नसे.

आता मी फंक्शन एकदम काढत नाही. ठरलेल्या दिवशी आधी कळवून, सगळे जागेवर असताना, ते तासभर बंद ठेवतो. कोणाची ओरड झाली नाही तर पुढच्या वेळी दिवसभर. वर्षअखेरीचा हिशेब उरकेपर्यंत शेवटची पायरी राखून ठेवली आहे. माझ्या डच सहकाऱ्याला ही गोष्ट सांगितल्यावर त्याने त्या बंद-चालूच्या खटक्याला कोडमध्ये 'कंदील' असे नाव देऊन टाकले. तो उच्चार 'कान्डिल' असा करतो. पुढच्या मंगळवारी दहा वाजता तो कंदील पुन्हा आत सोडायचा आहे.