सायबिणीची वही

गेल्या आठवड्यात आंटी वही घेऊन आल्या. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे मुडपलेली. ओट्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या, चष्मा पदराला पुसला आणि विचारलं, "पोस्टमनबाब, फणसाकडलें घर अवंदू उगडें आसा?"

मी म्हटलं, नाही. धाकटाही जूनमध्ये परदेशी गेला.

आंटींनी त्या नावापुढे पेन्सिलीने फुली मारली आणि पेन्सिल तशीच धरून थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या.

मी मूळचा बांद्याचा. गोव्यात, बार्देशातल्या या गावात २७ वर्षं टपाल वाटलं आणि इथेच घर केलं. निवृत्त होऊन वर्ष होत आलं, पण वाड्यावर माझं नाव अजून पोस्टमनच आहे. घरापुढे तुळस आहे, चतुर्थीला माटोळी बांधतो. तरीही सायबिणीच्या पाळीची वही दर वर्षी माझ्या ओट्यावर येते. कुठलं घर उघडं, कुठलं बंद, कुठली म्हातारी पावसाळ्यात पडून आता काठीवर आली, कुणाच्या मागच्या खोलीत नवं भाडेकरू कुटुंब आलं, हे पोस्टमनला ठाऊक असतं असं आंटी मानतात. ते बरंचसं खरं आहे.

बांद्याच्या माझ्या भावंडांना ही पाळी नीट माहीत नाही, म्हणून सांगतो. पाऊस सरला की मारियामातेची मूर्ती, म्हणजे आमची सायबीण, इगर्जेतून, म्हणजे चर्चमधून, वाड्यावर येते आणि घरोघर फिरते. एका घरी एक रात्र आणि एक दिवस. त्या घरचे आठवडाभर आधी भिंतीला चुना काढतात, पडदे धुतात, टेबलावर पांढरी चादर घालून फुलं मांडतात. संध्याकाळी वाडा जमतो. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, मग लदीन, म्हणजे गाऊन केलेली आळवणी, होते. ती अर्धी लॅटिनमध्ये असते. 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे 'आमच्यासाठी विनंती कर', म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज नेमका पाठीमागे उभ्या असलेल्या, एरवी न बोलणाऱ्या पुरुषांचा लागतो. मग उकडलेले चणे, खोबऱ्याचे काप, केकचा तुकडा. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मेणबत्त्या घेऊन सगळे तिला पुढच्या घरी पोचवतात.

या पोचवण्याकडे माझं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं. सायबीण आपली आपण जात नाही. ज्यांच्या घरी ती रात्रभर राहिली, त्यांनी तिला घेऊन शेजाऱ्याच्या पायऱ्या चढायच्या आणि त्याच्या हातात द्यायची असा रिवाज आहे. माझ्या बिटावर दोन घरं अशी होती की मधल्या गडग्यावरून त्यांचा दावा चालू होता. कोर्टाची पाकिटं दोन्हीकडे मीच पोचवायचो, दोन्हीकडे सही घ्यायचो आणि दोन्हीकडची शिवी ऐकून घ्यायचो. पाळीत ही घरं एकापाठोपाठ. पहिल्या वर्षी त्या घरचा बाप्या फाटकापर्यंत आला, मूर्ती आपल्या मुलीच्या हातात दिली आणि पाठ फिरवून गेला. मुलगी एकटी पायऱ्या चढली. दुसऱ्या वर्षी तो पायरीपर्यंत आला. तिसऱ्या वर्षी पाऊस अवेळी आला आणि सगळ्यांनाच आत पळावं लागलं. तेव्हा तो त्या घरात अर्धा तास उभा होता, चण्याची बशी हातात घेऊन. दावा तेव्हाही चालूच होता. पण त्यानंतर ते दोघं गडग्यावरून एकमेकांशी बोलायला लागले, आणि एकाचं पाकीट दुसऱ्याने घेऊन ठेवलेलं मी पाहिलं. पाद्रीने समजावून हे झालं नसतं, न्यायाधीशाने तर नाहीच.

पूर्वी वाड्यात एकही घर चुकत नसे. मी नोकरीला लागलो तेव्हा पिशवीत बाहरीन-कुवेतची पत्रं असायची, बोटीवर असलेल्यांची असायची, पाठवणारा वर्षा-दोन वर्षांनी परत येणार हे धरलेलं असायचं. बायका-मुलं इथेच असत. पुढे लिस्बनहून येणारी जाड पाकिटं वाढली. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. तो पासपोर्ट हातात आला की बहुतेक लोक इंग्लंड गाठत. ती पाकिटं मी स्वतःच्या हाताने पोचवली, पेढ्याऐवजी दोदोल खाल्लं, अभिनंदन केलं. आणि दोन-तीन वर्षांत त्याच घराच्या टपालपेटीत विजेची बिलं साचू लागली. या वेळी आईबाप किंवा मुलं मागे उरत नव्हती. घरंच्या घरं जात होती.

आंटींच्या वहीत हे सगळं फुल्यांच्या रूपात आहे. मागची पानं उलटली की दिसतं: आधी एक फुली, मग तीन, मग पानाचा अर्धा डावा समासच फुल्यांचा.

आंटींनी त्यावर काय केलं, ते मला गावातल्या कुठल्याही मोठ्या फेस्तापेक्षा, म्हणजे चर्चच्या उत्सवापेक्षा, मोलाचं वाटतं. २०१७ च्या पाळीत त्यांनी ठरवलं की बंद घर वगळायचं नाही. चावी ज्याच्याकडे असेल त्याने आदल्या दिवशी बलकांव, म्हणजे पुढची ओसरी, झाडायचा, पाचोळा काढायचा, सोप्यावर चादर घालायची. सायबीण रात्री तिथे राहणार नाही, पण दहा मिनिटं थांबेल. मीही त्या रात्री गेलो होतो. इंग्रजी बोलणारी एक पोर हातात मोबाईल धरून उभी होती आणि पडद्यावर त्या घरची आई होती, तिकडे दुपार, अंगात कामाचा निळा एप्रन. लदीन चालू असताना ती काही बोलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "खांब्याक रंग काडूंक जाय." खांबाला रंग काढायला हवा. पुढच्या मेमध्ये ते लोक महिनाभरासाठी आले आणि खांब रंगवून गेले.

२०२० मध्ये पाळी झालीच नाही. मार्चमध्ये सगळं एकदम बंद झालं, पहिले काही दिवस तर वाण्याची दुकानंसुद्धा उघडेनात. इगर्जेत मिस, म्हणजे प्रार्थनाविधी, नव्हती, घंटा तेवढी वाजायची. टपाल चालू होतं. मी मास्क लावून सायकलने फिरत होतो. औषधांची पार्सलं पोचवत होतो आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे २,००० रुपये म्हाताऱ्यांना त्यांच्याच पायरीवर आधारच्या मशीनवर अंगठा घेऊन काढून देत होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आंटी फाटकाशी उभ्या होत्या. हातात तीच वही. इगर्जेतल्या लहान समुदायांनी, म्हणजे वाडावार जे पंधरा-वीस घरांचे गट असतात त्यांनी, तांदूळ-डाळ-तेल-साखरेच्या पिशव्या भरायला घेतल्या होत्या. त्यांना वाटप करायचं होतं, पण कुणाला हे वहीवरून कळत नव्हतं, कारण वहीत फक्त ख्रिस्ती घरं.

आम्ही दोघं फाटकाच्या दोन बाजूंना उभे राहून नावं लिहीत गेलो. मी सांगायचो, त्या लिहायच्या. कुणाच्या चिठ्ठीत काय आहे हे पोस्टमनने कधी सांगू नये, ते मी कधी केलं नाही. पण कुणाच्या दाराला तीन दिवस कडी आहे, एवढं सांगणं मला चुकीचं वाटलं नाही. भंडाऱ्यांची दोन घरं, गाडेवाल्याचं एक, कर्नाटकातल्या गवंड्यांच्या चार खोल्या, नारळ काढणारा एक एकटा म्हातारा. आंटींनी त्यांच्यासाठी वहीचं शेवटचं पान उलट्या बाजूने उघडलं आणि तिथून लिहायला सुरुवात केली. पिशव्या पोचवायला पोरं होती. पहिल्या दिवशी गवंड्यांनी दार उघडलं नाही, पोरांना बघून ते घाबरले, त्यांना वाटलं कुणीतरी घालवून द्यायला आलंय. मग मी सोबत गेलो. टपालवाल्याला दार उघडतात.

तेव्हापासून वही दोन्ही बाजूंनी भरते.

गेल्या वर्षी त्या उलट्या पानांतली एक खोली पुढच्या पानांत आली. फणसाकडच्या घरामागे झारखंडचं एक जोडपं भाड्याने राहतं. नवरा हॉटेलच्या किचनमध्ये, बायको दोन घरी भांडी घासते. ते कॅथलिक आहेत, हे वाड्याला दोन वर्षं माहीतच नव्हतं. रविवारी हिंदीत मिस होते अशा दुसऱ्या इगर्जेत ते बसने जायचे. त्यांना वाटायचं, इथली मिस कोंकणीत, इथली माणसं इथली, आपण कसं घुसायचं. मला कळलं ते त्यांच्या गावाहून आलेल्या पत्रामुळे, पाठवणारा पाद्री होता. आंटींना सांगितलं. त्या त्याच संध्याकाळी गेल्या आणि विचारलं, सायबीण तुमच्याकडे आणू का.

ती बाई म्हणाली, खोली एकच आहे.

आणली. खोली म्हणजे दहा बाय दहा. एका कोपऱ्यात गॅस, दोरीवर कपडे होते ते काढलेले, पत्र्याच्या पेटीवर लाल साडीची घडी आणि तिच्यावर मूर्ती. आत सहा माणसं मावली, बाकीचा वाडा अंगणात उभा. अंधार होता म्हणून मी घरची चार्जिंगची बत्ती आणली आणि फणसाच्या फांदीला अडकवली. लदीन नेहमीसारखी झाली. मग आंटींनी त्या बाईला तिच्या भाषेतलं एखादं गाणं म्हणायला सांगितलं. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग खाली बघत म्हटलं. शब्द आमच्यापैकी कुणाला कळले नाहीत. चाल संथ होती, वर चढून पुन्हा खाली येणारी. चण्यांऐवजी तिने तांदळाच्या पिठाचं तळलेलं काहीतरी केलं होतं, गोड. अंगणातली पोरं परत परत मागत होती.

दुसऱ्या दिवशी पोचवायची पाळी त्यांची. पुढचं घर वाड्यातलं सगळ्यांत मोठं, जुनं, शिंपल्यांच्या खिडक्यांचं. त्या दोन वर्षांत ती बाई त्या घरात मागच्या दाराने भांडी घासायला जात होती. त्या संध्याकाळी मूर्ती छातीशी धरून ती पुढच्या पायऱ्या चढली, आणि घरची मालकीण पायऱ्यांच्या वर दोन्ही हात पुढे करून उभी होती. मी ते बघितलं. आता भांड्यांना ती कुठल्या दाराने जाते हे मी पाहायला गेलेलो नाही.

माझ्या आईला हे सांगायला हवं होतं. ईस्टरनंतर तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त असतं. आई दर वर्षी पत्रादेवीवरून बस बदलत खोबरेल तेलाची बाटली घेऊन यायची. मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लइराई देवीची बहीण, सात बहिणींतली एक, असं आमच्याकडे मानतात. हजारो हिंदू तेल घेऊन येतात. आई मला रांगेत उभं करायची आणि सांगायची, देवाच्या दारात पुढे ढकलायचं नाही, पाळी आली की पुढे सरकायचं. ते फेस्त मला अजून आवडतं, जातोही. पण त्या गर्दीत माझ्या पुढचा कोण आणि मागचा कोण हे मला कधी कळलं नाही. वाड्यावरच्या पाळीत कळतं. बँडबाजा आणि मोठमोठे बॅनर लावून आमच्या भागात अलीकडे जी फेस्तं होतात, त्यांच्यासाठी वर्गणी मी देतो, पण मनापासून देतो ती बलकांवाच्या झाडूला आणि चण्यांना.

यंदाची यादी अजून पुरी झालेली नाही. फणसाकडच्या घराची चावी कुणाकडे, ते ठरायचंय. आंटींचे गुडघे दुखतात, सगळ्या पायऱ्या त्या यंदा चढणार नाहीत असं त्यांच्या सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना ते माहीत आहे असं वाटतं, कारण वही त्यांनी या वेळी सुनेच्या हातून लिहवून घेतली.

माझ्या जागी टपालाला नवा मुलगा आलाय, विदर्भातला, बावीस वर्षांचा. कोंकणी येत नाही, घरांवर नंबर नाहीत म्हणून रडकुंडीला आलेला असतो. काल त्याला मी सायकलवर पुढे घातलं आणि वाडा दाखवला: हे उघडं, हे बंद, इथे कुत्रा, इथे ऐकू येत नाही म्हणून खिडकीवर वाजवायचं. शेवटी आंटींच्या बलकांवावर नेला. आंटींनी त्याला खुर्ची दिली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं, आणि चष्मा लावून विचारलं, "तूं खंयचो रे?"

त्याला कळलं नाही. मी मराठीत सांगितलं. त्याने गावाचं नाव सांगितलं, आंटींनी ते दोनदा म्हणून बघितलं, आणि सुनेला वही उलट्या बाजूने उघडायला लावली.