गरज बदलली, मशीन बदलायचं का? ठाणे-नवी मुंबईतल्या चालू कामांची नोंद

या वेळी चार कामं हातात आहेत: रोज लोकलने ऐरोलीला जाणारा लॅपटॉप, नौपाड्यातल्या दुकानाचा हिशेबाचा कॉम्प्युटर, घरात चोवीस तास चालणारा छोटा सर्व्हर आणि वाशीत बघितलेली सेकंडहँड मशीन. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच होता, "हे आता पुरत नाही, नवीन कोणतं घेऊ?" आमचं ठाम मत असं की या प्रश्नाला मॉडेलचं नाव सांगून उत्तर देऊच नये. आधी नक्की काय पुरत नाही ते मोजावं.

मोजायचं असं. कामाच्या सगळ्यात गर्दीच्या वेळी, म्हणजे व्हिडिओ मीटिंग चालू, ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब उघडे, एक्सेलची मोठी फाइल उघडी, अशा वेळी टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरी, डिस्क, सीपीयूचे आकडे लिहून घ्या. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही सतत पळतेय, तर रॅम कमी आहे. मशीन रॅममधला माल डिस्कवर टाकून परत आणत बसलंय. मेमरी मोकळी आहे पण डिस्क १०० टक्क्यांवरून हलत नाही, तर दोष बहुतेक जुन्या हार्ड डिस्कचा. सीपीयू भरलेला दिसतो पण त्याचा वेग एक गिगाहर्ट्झच्या आसपास अडकलाय, तर पंखा धुळीने भरलाय नाहीतर मशीनने चार्जर ओळखलेला नाही. सीपीयू पूर्ण वेगाने पळतोय, थंडही आहे आणि तरीही १०० टक्के भरलाय, तेव्हाच प्रोसेसर कमी पडतोय असं म्हणता येतं. वेग पुरत नाही म्हणून मशीन बदलायचं ते तेव्हा.

पहिलं काम: टेबलावरून लोकलमध्ये

मशीन थिंकपॅड टी४८०, प्रोसेसर आय५-८२५०यू, रॅम ८ जीबी. घरून काम होतं तोपर्यंत टेबलावर कायम चार्जरला लावलेलं होतं. आता डोंबिवलीहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली असा प्रवास आहे. कामाचं सॉफ्टवेअर तेच, पण मागणी बदलली: वजन, बॅटरी आणि गर्दीत टिकणं.

रॅम हे सोपं काम. यात डीडीआर४ या प्रकारच्या रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि बऱ्याच मशीनमध्ये एकच भरलेला असतो. दुसऱ्यात तेवढीच रॅमची कांडी टाकली की ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे दोन्ही कांड्या एकाच वेळी वापरल्या जातात, आणि अंगभूत ग्राफिक्सलाही फायदा होतो. कांडी २६६६ किंवा ३२०० ची असली तरी चालते, इथे ती २४०० वर धावते. त्यामुळे वेगाच्या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नका. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, म्हणून मोडीत निघालेल्या मशीनची कांडी मिळत असेल तर ती बघा आणि लावल्यावर मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तरी कांडी परत करायची.

उघडण्याआधी: मशीन चालू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जा, कॉन्फिग, मग पॉवर, आणि तिथे आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय निवडा. मशीन आपोआप बंद होईल. मग चार्जर आणि बाहेरची बॅटरी काढा. खालच्या कव्हरचे स्क्रू सैल होतात, पूर्ण निघत नाहीत. ते ओढून काढायला जाऊ नका. कव्हर प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा. स्क्रूड्रायव्हर घातला की कडेचे खटके तुटतात.

या मॉडेलमध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आतली २४ वॉट-अवरची आणि एक बाहेरून बदलता येणारी. आधी बाहेरची संपते, मग आतली वापरात येते. वर्षानुवर्षं चार्जरला लावून ठेवलेल्या मशीनची बॅटरी कमी वापरूनही म्हातारी होते, कारण पूर्ण भरलेल्या अवस्थेत गरम राहणं लिथियम सेलला सोसत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं चालवलं की डिझाइन कपॅसिटी आणि आजची फुल चार्ज कपॅसिटी दोन्ही दिसतात. ६० टक्क्यांच्या खाली गेली की बदलायची. बाहेरच्या बॅटरीत २४, ४८ आणि ७२ वॉट-अवर असे प्रकार मिळतात. ७२ वाली खालून फुगवट्यासारखी बाहेर येते आणि वजन वाढवते. ऑफिसात प्लग असेल तर २४ पुरते, आणि लोकलच्या बॅगेसाठी आम्ही तीच लावली. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती लगेच चालू करा.

चार्जर हा या कामाचा सगळ्यात किचकट भाग. मूळच्या जाड चार्जरऐवजी ६५ वॉटचा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने छोटा) चार्जर घेतला की बॅग लगेच हलकी होते, पण तीन गोष्टी कळल्याशिवाय घेऊ नका.

पहिलं, यूएसबी-सीची साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच करंट नेते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यापुढे जायचं तर ५ अँपिअरची, ई-मार्कर चिप (केबलची क्षमता चार्जरला कळवणारी) असलेली केबल लागते. ६५ वॉटच्या चार्जरला साधी केबल लावली तर काही जळत नाही, चार्जर फक्त ६० वर थांबतो. या मशीनला ४५ वॉटही चालतात, त्यामुळे इथे अडत नाही. जास्त वीज खाणाऱ्या लॅपटॉपला मात्र मीटिंगच्या मधोमध बॅटरी उतरताना दिसते.

दुसरं, दोन-तीन पोर्टच्या चार्जरवर छापलेले ६५ वॉट एकट्या पोर्टचे असतात. फोन लावला की वाटणी होते, साधारण ४५ आणि २०. वाटणी होताना सगळ्या पोर्टचा पुरवठा क्षणभर तुटून परत येतो. लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे फक्त स्क्रीन लुकलुकते, पण त्याच चार्जरवर रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर किंवा राउटर लावला असेल तर तो सरळ रीस्टार्ट होतो. म्हणून ज्याला स्वतःची बॅटरी नाही असं काहीही अशा चार्जरवर लावू नका.

तिसरं, दोन पिनांचे जड चार्जर जुन्या सॉकेटमध्ये खाली लोंबतात, संपर्क ढिला होतो आणि ठिणगी उडते. ऑफिसात डेस्कच्या खालच्या बोर्डाला हे हमखास होतं. छोटी, बीआयएसची खूण असलेली एक्स्टेन्शन कॉर्ड टेबलावर ठेवावी.

आता गर्दी. ठाण्याला चढताना बॅग पोटाशी धरली की लॅपटॉपच्या झाकणावर सरळ दाब येतो. पातळ मशीनमध्ये या दाबाने पॅनलवर पांढुरके डाग उमटतात आणि ते कायमचे राहतात. चार्जर आणि डबा लॅपटॉपच्या कप्प्यात कधीच ठेवायचा नाही. झाकणाची बाजू पाठीकडच्या पॅडकडे करायची.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळायची. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो. एसीत २३-२४ अंशांवर दिवसभर बसलेलं मशीन बाहेर काढून उघडलं की आतल्या बोर्डावरही बाष्प धरतं. ऑफिसातून निघताना ते पूर्ण बंद करा, स्लीपवर ठेवू नका, आणि घरी गेल्यावर अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

या थिंकपॅडचं बाकी राहिलेलं काम म्हणजे स्क्रीन. सध्याचं पॅनल १३६६ बाय ७६८ चं आहे आणि त्यावर दोन खिडक्या शेजारी मावत नाहीत. फुल एचडीचं, ४०० निट्स उजेडाचं, कमी वीज खाणारं पॅनल शोधतोय. घेण्याआधी जुनं पॅनल काढून मागचा कनेक्टर ३० पिनी की ४० पिनी ते बघायचं, कारण मॉडेलच्या नावावरून ते कळत नाही. घरच्या मॉनिटरसाठी यूएसबी-सीच वापरा. या मशीनचा एचडीएमआय ४के फक्त ३० हर्ट्झवर देतो, आणि त्यावर माउसचा बाण अडखळत चालतो.

दुसरं काम: दुकानाचा हिशेब

आय५-६५००, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क, विंडोज १०. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे हा सहाव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे बाहेर.

इथे बरेचजण सांगतील, विंडोजऐवजी लिनक्स टाका. वेगाच्या दृष्टीने सल्ला बरोबर आहे. एसएसडी आणि ८ जीबीवर लिनक्स मिंट २२ छान चालतं आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. पण दुकानात टॅली आहे आणि जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन आहे. या दोन गोष्टी लिनक्सवर भरवशाने चालवता येत नाहीत आणि २० तारखेला रिटर्न भरताना कुणालाही प्रयोग परवडत नाही. शिवाय जुनी लेटरहेडं युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये आहेत. तो फाँट नसला की त्यांत नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून इथे नवीन मशीन लागलं, म्हणजे आठव्या पिढीचं, सेकंडहँड. जुनं मशीन पुरत नाही म्हणून बदलावं लागलं, असं चार कामांपैकी हेच एक.

जुना डबा फुकट गेला नाही. तो घरी आजोबांकडे गेला, मराठी टायपिंग, ईमेल आणि व्हिडिओ कॉलसाठी. त्यात २.५ इंची साटा एसएसडी टाकली आणि रॅम वाढवली. सहाव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर३एल आणि डीडीआर४ दोन्हींवर येतात, त्यामुळे प्रोसेसर बघून रॅम मागवू नका. डबा उघडून कांडीवरचं लेबल वाचा. डेस्कटॉपची डीडीआर३ २४० पिनांची, डीडीआर४ २८८ पिनांची, आणि खाचही वेगळ्या जागी.

काहीही पुसण्याआधी डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये जुन्या डिस्कचे रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टर बघितले. पेंडिंग शून्याच्या वर असेल तर बाकी सगळं थांबवून आधी फोटो आणि कागदपत्रं कॉपी करायची. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून प्रिंटर, स्कॅनर, आवाज, कॅमेरा तपासले. प्रिंटर छापतो पण स्कॅन करत नाही, हा प्रकार नेहमीचा. तो इन्स्टॉल करण्याआधी कळलेला बरा. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडलं की वेगळं काही बसवावं लागत नाही.

खाडीच्या बाजूच्या घरांत आणखी एक त्रास दिसतो. मशीन चालू होतं, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी आणि बीप. बऱ्याचदा कारण रॅमच्या सोनेरी संपर्कांवर धरलेला थर. खोडरबराने घासायची आपल्याकडे पद्धत आहे आणि काम होतंही, पण दर वेळी सोन्याचा मुलामा थोडा झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड घ्या, पाच मिनिटं वाळू द्या, मग लावा.

तिसरं काम: घरचा सर्व्हर

फोटोंचा बॅकअप आणि घरातल्या घरात फाइल शेअरिंग एवढीच गरज. जुना डेस्कटॉप रिकामा असताना ३५ वॉट घेत असेल तर महिन्याला साधारण २५ युनिट होतात. इंटेल एन१०० चा मिनी पीसी १० वॉटवर धरला तर ७. सर्व्हर ठिकठाक चालतोय, फार सांगण्यासारखं नाही. फक्त बॅकअपची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवी, त्याच डब्यात नको.

वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणाऱ्या मिनी यूपीएसबद्दल मात्र सांगायला हवं. अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि किती अँपिअर ते वाचा. पिनचं माप ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ असं दोन प्रकारचं असतं. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, पण चुकीचा लावला तर तो ढिला बसतो किंवा जातच नाही. मधली पिन पॉझिटिव्ह आहे का तेही चिन्हावरून पडताळा. आणि विकत घेण्याआधी केबलवाल्याला विचारा की फायबर थेट घरात येतं की सोसायटीच्या जिन्यातल्या स्विचपर्यंत. जिन्यातल्या स्विचला बॅकअप नसेल तर घरचा राउटर चालू राहूनही इंटरनेट जाणारच.

चौथं काम: वाशीतली सेकंडहँड मशीन

वाशी काय, लॅमिंग्टन रोड काय, भाड्याच्या करारातून सुटलेले ऑफिसचे लॅपटॉप भरपूर मिळतात आणि त्यांतले बरेच चांगले असतात. अकरावी किंवा डिप्लोमाच्या मुलासाठी हाच मार्ग आम्हाला सगळ्यात पटतो. प्रोग्रॅमिंग आणि २डी ड्रॉइंगला अंगभूत ग्राफिक्स आणि १६ जीबी पुरतात. ३डी मॉडेलिंग किंवा रेंडरिंग अभ्यासक्रमात असेल तरच वेगळं ग्राफिक्स कार्ड. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर आज ८ घेऊन पुढे वाढवता येणार नाही, हे आधी तपासा.

दुकानात करायच्या गोष्टी: पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून डाग बघा, प्रत्येक की दाबा, प्रत्येक पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावा, बॅटरी रिपोर्ट काढा. "नवीन १ टीबी एसएसडी" फारच स्वस्त असेल तर एच२टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. खोटी क्षमता दाखवणाऱ्या डिस्क सुरुवातीला नीट वाटतात आणि पुढचा डेटा गिळतात. बायोसमध्ये जाऊन सुपरवायझर पासवर्ड नाही ना ते बघा, कारण तो असेल तर पुढे सेटिंग बदलता येत नाही. शेवटी फोनच्या हॉटस्पॉटला जोडून विंडोज एकदा रीसेट करायला सांगा. मशीन अजून जुन्या कंपनीच्या नोंदणीत अडकलेलं असेल तर सेटअपच्या वेळी त्या कंपनीचा लॉगिन मागणारा पडदा येतो. इंटरनेट नसताना तो येत नाही, म्हणून दुकानदाराने दाखवलेलं तयार डेस्कटॉप पुरेसं नाही. रीसेटला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढा वेळ काढूनच जा, आणि पैसे त्यानंतर द्या.