ताप गेला, विसरणं राहिलं
आज भामरागड तालुक्यातल्या एका गावात होते. गेल्या पावसाळ्यात फॅल्सिपॅरम मलेरिया (मलेरियाचा सर्वात घातक प्रकार) मेंदूत जाऊन बेशुद्ध पडलेला सात वर्षांचा मुलगा भेटला. झटके येत होते, आर्टेसुनेट या मलेरियावरच्या औषधाची इंजेक्शनं वेळेत मिळाली म्हणून वाचला. आता मस्त धावतो, झाडावर चढतो. आई माडियात बोलत होती, आशाताई मराठीत सांगत होत्या: "मीठ आणायला धाडलं तर अर्ध्या वाटेवरून परत येतो. काय आणायचं, विचारतो." शाळेत त्याला आळशी म्हणतात. फार लागलं मला ते.

अहो, आळस कसला! या आजारात परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटतात, रक्त अडतं, मेंदू सुजतो. आफ्रिकेतल्या मलावी देशात अशा मुलांचे एमआरआय केले तेव्हा दगावलेल्या बहुतेक मुलांचा मेंदू प्रचंड सुजलेला दिसला. आणि जी वाचतात? युगांडातल्या अभ्यासात दर चारांतलं साधारण एक मूल 2 वर्षांनीही स्मरणशक्ती, लक्ष किंवा शिकण्यात मागे होतं.

डिस्चार्जनंतरही या मुलांची तपासणी व्हायलाच हवी, शिक्षकांना कळवायलाच हवं. उद्या त्याच्या मुख्याध्यापकांना भेटतेय. कुणी बालमेंदूतज्ज्ञ ओळखीचे असतील तर इनबॉक्स करा.