हम्पटा पास: बालू का घेरामधून परत उतरलेला पोरगा

परतवाड्याच्या आसपासच्या चार गावांतले आम्ही अकरा जण सप्टेंबरात हिमाचलमधल्या हम्पटा पास या खिंडीचा ट्रेक करून आलो. तारीख शेतीनेच ठरवली. पोळा आटोपतो आणि सोयाबीन सोंगायला येतं, त्यामधले पंधरा दिवसच आमच्याकडे मोकळे असतात. रेल्वेचा प्रवास आणि मनालीची गर्दी यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खिंडीखालच्या बालू का घेरा या मुक्कामावरची एक रात्र मात्र अजून डोक्यातून जात नाही.

आधी तयारीचं सांगतो, कारण आपल्या भागातून जाणारे तिथेच चुकतात. चिखलदरा १,११८ मीटरवर, त्याच्याजवळचं वैराट त्याहून थोडं वर. विदर्भात याच्यापुढे चढायला जागा नाही. घाटात पाय तयार होतात, दम वाढतो, पण विरळ हवेची सवय होत नाही. ती फक्त वर राहूनच होते. आम्ही दर रविवारी पाठीवर पाच किलो तुरीची डाळ घेऊन घाट चढायचो आणि तेवढंच वजन घेऊन पायीच उतरायचो. बरेच जण चढतात आणि उतरताना गाडीत बसतात. मांड्या आणि गुडघे खरे भरतात ते उतरताना. बोटं बुटाच्या टोकाला आपटून नखं काळी पडतात तीही उतरताना, म्हणून नखं आधी कापायची आणि उताराआधी नाडी घोट्याजवळ घट्ट करायची.

दुसरी गोष्ट कपड्यांची. आपण कापूस पिकवणारी माणसं, अंगात सुती बनियन असतेच. वर ती चालत नाही. कापूस घाम पितो आणि धरून ठेवतो. चालणं थांबलं, वारा लागला की तीच ओली बनियन छातीला बर्फासारखी चिकटते. आत पॉलिएस्टर, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, असे तीन थर लागतात. सुती कपडा झोपायलाच ठेवायचा, तोही कोरडा असेल तर.

मनाली साधारण २,०५० मीटर. तिथून जोबऱ्यापर्यंत गाडी, मग पायी पहिला मुक्काम चिका ३,१०० च्या आसपास, बालू का घेरा ३,६०० च्या आसपास आणि खिंड ४,२७०. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास राहतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. म्हणून ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये असं सांगतात. चिका ते बालू का घेरा हा टप्पा नेमका तिथेच काठावर बसतो. त्या दिवशी घाई करणं सगळ्यात महाग पडतं.

आणि घाई केली ती आमच्यातल्या सगळ्यात तगड्या पोराने. पोलीस भरतीची तयारी करणारा, पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर मारणारा. सगळ्यांच्या दीड तास आधी तो बालू का घेरामध्ये पोचला. त्या सपाट वाळूवर बसून तो आम्हाला हात करत होता, तेव्हा आम्हालाही कौतुकच वाटलं होतं. चूक आमचीही होती, आम्ही त्याला अडवलं नाही. दौड चांगली असणं आणि उंची मानवणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. उलट तगडा माणूस जोरात जातो, पाणी कमी पितो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच देत नाही. दिवसभरात तो एकच बाटली प्यायला होता. लागतं तीन ते चार लिटर. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलं, एवढी साधी खूण आहे.

संध्याकाळी जेवणात डाळ-भात होता. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. त्याने ताटात भात चाळवत ठेवला. गाइडचं लक्ष ताटाकडेच होतं. तो सगळ्यांची ताटं बघतो हे तेव्हा कळलं. नंतर पोरगा बुटाची नाडी सोडायला वाकला आणि तसाच कपाळाला हात लावून बसून राहिला.

‘मले काही नाही झालं जी,’ तो म्हणाला. ‘जरासं डोकं धरलं.’

रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ७९ टक्के. आमचे बाकीच्यांचे ८५ ते ८९ होते. गार बोटावर यंत्र चुकीचंही दाखवतं, म्हणून गाइडने आधी त्याचे हात चोळायला लावले आणि पुन्हा बघितलं: ८०. मग टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावलं. तोल गेला असता तर मेंदूला सूज येत असल्याची शंका, आणि मग रात्रीच्या रात्री खाली. तो नीट चालला. बसल्या जागी धाप नव्हती, खोकला नव्हता. तरीही डोकेदुखी अधिक जेवण नको म्हणजे उंचीचा त्रास धरायचा आणि तो उतरेपर्यंत एक पाऊलही वर टाकायचं नाही. गोळी घेतलीस का, असं विचारल्यावर तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला, एक पॅरासिटामॉल घेतली. दुखणं दाबून चढणं हाच धोका असतो, कारण शरीर जी सूचना देतं तीच बंद होते.

आमच्यात एक अंगणवाडीच्या काकू होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, सगळ्यात मागे चालणाऱ्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ‘डोकं दुखते म्हणून सांगाले कायची लाज रे बापू? गावात सत्कार ठेवला तं ठेवला. राहील तसाच.’

तेव्हा कळलं, त्याला सत्काराची धास्ती होती. निघताना आपणच त्याच्या गळ्यात हार घालतो आणि ‘शिखर मारूनच ये’ म्हणतो. हे मला फार लागलं. त्या हारामुळेच पोरगं खोटं बोललं.

पहाटे त्याला उलटी झाली. सहाय्यक गाइडसोबत तो चिक्याकडे उतरू लागला. त्याने स्वतःची पिशवी स्वतः आवरली, कुणाकडे बघितलं नाही आणि पुढच्या वळणावर काठी वर करून दाखवली. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी सुरू करून त्याला तिथेच ठेवू, असं एकाने सुचवलं होतं. ती गोळी डॉक्टरांना विचारून आधीपासून घ्यायची असते, सल्फाची ॲलर्जी असेल तर अडचण होऊ शकते, आणि ती उतरण्याला पर्याय नाही. गाइडने ऐकून घेतलं नाही ते बरंच झालं.

मग गाइडने काकूंना सगळ्यात पुढे घेतलं. त्यांच्या चालीने अख्खी रांग. पाऊल पुढे ठेवायचं, मागचा गुडघा ताठ करून त्यावर अंगाचा भार टाकायचा, एक श्वास पूर्ण घ्यायचा, मग पुढचं पाऊल. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं नाही तर चाल जास्त झाली. काकूंनी विठ्ठलाचा अभंग धरला आणि त्या लयीत ती दगडांची उभी चढण पार झाली. कुणी थांबलं नाही, कुणी बसलं नाही. खिंडीत वीस मिनिटं. इंद्रासन शिखर ढगात होतं. पलीकडे झाड नाही, गवत नाही, लाहौलचे तपकिरी डोंगर. खिंडीपलीकडच्या शिया गोरू मुक्कामाजवळचा ओढा सकाळीच ओलांडायचा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. छत्रूहून गाडीने अटल बोगद्यातून मनाली.

पोरगा हॉटेलच्या पायरीवर बसला होता. चिक्याला पोचेपर्यंत डोकं उतरलं होतं, जोबऱ्यात त्याने तीन पराठे खाल्ले होते. पुढच्या तुकडीसाठी आम्ही वही ठेवतो, कुणाला कुठे काय झालं याची. ती त्याने मागून घेतली आणि स्वतःच लिहिलं: डोकेदुखी चिक्यातच सुरू, रात्री नऊ. पहिली गोळी तेव्हाच. दुसरी सकाळी निघताना. बालू का घेरामध्ये सांगितलेली तिसरी होती.